उघडा ठेवलेला सोफा

ती घटना आठवली की आजही माझे कान तापतात. नावं सांगणार नाही. ऐंशीचं दशक नुकतंच लागलं होतं आणि मी कोल्हापुरात फौजदार होतो.

सकाळची हजेरी चालू असताना एक गूळव्यापारी ठाण्यात आला. चोराच्या भीतीने त्याने आईची मोहनमाळ पुरचुंडीत बांधून सोफ्याच्या पोटात, काथ्यात लपवली होती. बायकोलाही सांगितलं नव्हतं. तिने आदल्या सकाळी सोफा वाफेने धुवायला कारागीर बोलावला. संध्याकाळी व्यापाऱ्याने तळाच्या कापडाचा एक कोपरा उचकटून हात घातला, तर पुरचुंडी गायब. सोबत आलेला, त्याच्याच घरात राहणारा मेहुणा म्हणाला, "त्यानंच उघडला, त्यानंच खिळे मारून बंद केला. मी समोर होतो."

मी फिर्याद नोंदवली आणि कारागिराला भरदिवसा व्यापाऱ्याच्याच गल्लीतून बेड्या घालून आणलं. तिथे तो दुसऱ्या घरी जायला निघालाय असं मला वाटलं. चूक माझी होती, ती मी कुणावर ढकलणार नाही.

कारागीर पन्नाशीचा मुसलमान. कबनूरला सुताला खळ लावणाऱ्या सायझिंगच्या कारखान्यात बॉयलरवर उमेदीची वर्षं घालवलेली, मग छोटा बॉयलर आणि रबरी पाइप हातगाडीवर घालून घरोघरी सोफे, गाद्या धुवायचा. लोकांच्या बैठकीच्या खोलीत शिरून पोट भरणारा माणूस. नाव गेलं की धंदा गेला. हवालदाराने आवाज चढवला तरी तो बधला नाही.

"कबूल न्हाय. मारा, तरी न्हाय. पुरचुंडी दिसली व्हय. त्या मेव्हण्याला दावली आन् जागच्या जागी ठिवली. आन् साहेब, म्या खिळा मारलाच न्हाय."

"मग सोफा बंद कसा?"

"त्येच इचारतोय. वाफ मारल्यावर दिसभर पालथा ठिवायचा, तळ उघडा. वलं हाय तवर बंद केलं की काथ्या कुजतोय. आज बंद करायला निघालतो, तर वाटंत तुमीच धरलंसा."

मी उठलो आणि पंचांना घेऊन व्यापाऱ्याच्या घरी गेलो. पकडीने खिळे काढले. प्रत्येक खिळ्याभोवती ओल्या कापडावर गंजाचं कडं उमटलं होतं. आत काथ्या चिंब, वास मारत होता. शेजारीण म्हणाली, "गाडी गेल्यावर ठोकाठोकी ऐकली की मी." कारागिराच्या दोन जुन्या गिऱ्हाइकांनीही सांगितलं, तळ बंद करायला तो दुसऱ्या दिवशीच येतो.

ते कापड मेहुण्यासमोर ठेवलं. "वाफेचं काम जाणणारा माणूस ओल्यात खिळा मारत नाही," एवढंच म्हणालो. त्याने खिशातून ट्रंकेची किल्ली काढून पुढे केली. माळ त्याच्या ट्रंकेत मिळाली.

आता व्यापाऱ्याचा सूर बदलला. "घरातली गोष्ट आहे. मिटवून टाका, त्या कारागिराला मागच्या दाराने सोडा." वरून फोनही आला. मी म्हटलं, "गुन्हा दाखल झालाय, साहेब. मिटणार नाही." बदलीची धमकी मिळाली. म्हटलं, करा. पुढे झालीही, आणि तिचं मला काडीचं दुःख नाही.

कारागीरही हटून बसला. "चारचौघांत नेलंसा, चारचौघांतच सोडा. आन् माझं काम अर्धं ऱ्हायलंय."

दुसऱ्या दिवशी जीपमध्ये त्याला शेजारी बसवून मी त्या गल्लीत नेलं. सोफा अंगणात उन्हाला ठेवायला लावला होता. लोक जमले. मी टोपी काढून मोठ्याने म्हणालो, "हा माणूस निर्दोष आहे. चूक पोलिसांची." व्यापारी खालच्या आवाजात पुटपुटला, "चाचा, चुकलं आमचं."

चाचांनी काथ्या चाचपला, वाळल्याची खात्री केली आणि तळाला नवं कापड लावून एकेक खिळा मारला. सगळ्यांना ऐकू जाईल असा. मग हातोडी पिशवीत टाकली. "आता बसा बिनघोर," म्हणाले, आणि अंगणाच्या पुढच्या दारानं निघून गेले.

त्यानंतर कोणाच्याही हातात बेडी घालण्याआधी मी एक प्रश्न विचारत आलो: तुझं काम काय, आणि ते तू कसं करतोस?