जत्रेपर्यंतची काकडी

माझ्या हाताला लोणचं टिकत नाही, हे आमच्या घरात एकोणीस वर्षं ठरलेलं होतं. ठरवलं सासूबाईंनी. लग्नानंतरच्या पहिल्याच उन्हाळ्यात मी कैरीचं लोणचं घातलं. माझ्या आईने शिकवलं होतं तसं, अगदी मन लावून. श्रावणात बरणी उघडली तर वर पांढरी बुरशी. सासूबाईंनी ती बरणी ओटीवर आणून ठेवली आणि येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येक बाईला झाकण काढून दाखवली. "नव्या सुनेचा हात," एवढंच म्हणायच्या. मी गोठ्यात जाऊन रडले. त्यानंतर दर उन्हाळ्यात कैऱ्या फोडायला मी, मोहरी कुटायला मी, आणि मसाला कालवायची वेळ आली की मला कुठेतरी पिटाळायचं. गुरं बघून ये, लाकडं आण, वाण्याकडून काडेपेटी आण. घरात दोन काडेपेट्या पडलेल्या असायच्या.

मी गप्प बसणाऱ्यातली नाही. राग माझ्या नाकाच्या शेंड्यावर असतो, हे नवऱ्यापासून एसटीच्या कंडक्टरपर्यंत सगळ्यांना माहीत आहे. पण लोणच्याचा विषय निघाला की माझं तोंड बंद, कारण ती बुरशी मीही स्वतःच्या डोळ्यांनी पाहिली होती.

आणि सासूबाईंना नाव ठेवायला जागा नव्हती. आमच्या टोकावड्याच्या पंचक्रोशीत स्वच्छतेत त्यांचा हात धरणारी बाई नाही. कशालाही हात लावायच्या आधी हात धुणार, लावून झाला की पुन्हा धुणार. दुधाची पिशवीसुद्धा साबणाने धुऊन मग कापतात. पाहुण्याने दिलेला पेढा त्यांनी धुतला नाही, हेच नशीब.

माझ्या दोन मैत्रिणी. एक शाळेपासूनची, तिला खर्डीला दिली. ती तिथे एका बंगल्यात स्वयंपाक करते. शनिवार-रविवार मुंबईचे पाहुणे येतात. दुसरी माझी शेजारीण. तिची माळशेजच्या रस्त्यावर टपरी आहे, पावसाळ्यात घाटात भिजायला जाणाऱ्यांना ती मक्याची कणसं आणि काकड्या विकते. एकीला बोलायला सुचतं आणि दुसरीला थांबायला सुचत नाही. मी मधे.

दोन वर्षांपूर्वी गौरी-गणपती झाल्यावर खर्डीवाली एका डब्यात काकडीच्या गोल चकत्या घेऊन आली. पिवळसर, करकरीत, गोड आणि आंबट. बंगल्यात आलेल्या कुण्या बाईंनी तिला शिकवल्या होत्या. मी एक खाल्ली, मग दोन, मग डबा माझ्या मांडीवर घेऊन बसले.

"टिकतं का गो हे?" मी विचारलं.

"टिकतं म्हंजे? चार-चार महिने."

शेजारणीच्या मांडवावर तेव्हा काकड्या लोंबत होत्या आणि पाऊस ओसरल्यामुळे रस्त्यावर गिऱ्हाईक नव्हतं. तिने लगेच हात वर केला. "काकड्या माज्या, साखर तुजी. कधी करायचं बोला."

ओटीवरून सासूबाईंचा आवाज आला. त्यांना लांबचं ऐकू येत नाही, असं त्या स्वतः सांगतात. "काकडी वाया घालवू नका गो. हिच्या हाताला लोणचं नाय टिकत."

आता मात्र माझं डोकं फिरलं. दोन मैत्रिणी बाजूला असल्या की माणसाला बळ येतं. मी ओटीवर गेले आणि म्हटलं, "म्हशाच्या जत्रेपर्यंत टिकलं तर?"

म्हसा गावची जत्रा पौषात भरते. म्हणजे चार महिने. सासूबाईंनी माझ्याकडे वरपासून खालपर्यंत बघितलं. "जत्रेपर्यंत टिकलं तर उन्हाळ्यात कैरीची बरणी तू भर. मी मधे नाय येनार."

ठरलं.

चार दिवसांनी खर्डीवाली दोन एसट्या बदलून आली. बंगल्यात रिकाम्या झालेल्या तीन मोठ्या काचेच्या बरण्या तिने जुन्या साडीत गुंडाळून आणल्या होत्या. शेजारणीने डोक्यावरून पाटी उतरवली, तिच्यात बावीस काकड्या. मी बरण्या धुऊन अंगणात उन्हात उपड्या घातल्या, मग सुलट्या, मग पुन्हा उपड्या. तिघींच्या कमरेला एकेक कोरडा पंचा खोचला आणि बजावलं, "हाताला पानी दिसलं कुनाच्या, तर उलथन्याने हानीन." लोणच्याचा वैरी पाणी, हे मला आईने शिकवलं होतं. एकोणीस वर्षांपूर्वीही मी तितकीच जपले होते. म्हणून तर ती बुरशी कुठून आली, ते मला कधी कळलं नव्हतं.

काकडी कडू निघाली तर सगळी बरणी कडू. म्हणून आमच्याकडे काकडीचं टोक कापतात आणि त्याच टोकाने कापलेल्या जागी गोल गोल घासतात. पांढरा फेस येतो, त्यातून कडूपणा निघून जातो. तरी भरवसा नको म्हणून एक चकती चाखायची. पहिली काकडी शेजारणीने चाखली, डोळे मिटले, म्हणाली, "साखर हाय गो, साखर!" आणि उरलेली खर्डीवालीच्या हातात दिली. खर्डीवालीने चावली, क्षणभर थांबली, गोड हसली आणि माझ्या तोंडात घातली. विषासारखी कडू! मी थुंकायला अंगणात पळाले, तर मागे या दोघी एकमेकींच्या गळ्यात पडून हसत होत्या. शेजारणीच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं, आणि ते तिने हाताने पुसलं म्हणून मी तिला पंचा फेकून मारला.

मग प्रत्येक काकडी तिघींनी चाखायची असं ठरलं, विश्वासच उडाला होता. चकतीला मीठ लावलं की बरी लागते. मिठाबरोबर तिखट असलं की आणखी बरी लागते. बोलता बोलता मी काकड्या मोजल्या तर तेरा उरलेल्या.

"बाकीच्या कडू हुत्या," शेजारीण तोंडातला घास गिळत म्हणाली.

तेरा काकड्यांच्या चकत्या केल्या, मीठ लावलं, वर ताट ठेवून ताटावर वरवंटा ठेवला. दोन तासांनी पाणी सुटलं, ते पिळून काढलं. मग चुलीवर साखर, मोहरी, हळद, चार लवंगा आणि मुरबाडहून आणलेली व्हिनेगरची बाटली. खर्डीवालीने बंगल्यातल्या मोठ्या स्वयंपाकघरात हे केलं होतं, तिथे वर पंखा वाफ बाहेर ओढतो. माझ्या स्वयंपाकघराला एक खिडकी, तीही मांजर येतं म्हणून लावलेली. व्हिनेगरला उकळी फुटली आणि तिघींच्या नाका-डोळ्यांतून धारा लागल्या. ठसका, शिंका, हसू, सगळं एकदम. तिघी अंगणात येऊन गुडघ्यांवर हात ठेवून उभ्या.

"कुनाला इंगळी चावली का गो?" सासूबाई ओटीवरून ओरडल्या.

"नाय ओ आई, काकडी शिजतेय," शेजारीण म्हणाली, आणि तिथेच कमरेवर हात ठेवून तिने उखाणा जुळवला:

"काकडीच्या बरणीत साखरेचा पाक,
अमक्यारावांचं नाव घेते, सासूबाई, मुरडू नका नाक!"

"नाक मुरडायला आधी टिकू तर दे," ओटीवरून उत्तर आलं. खर्डीवाली हसता हसता तुळशीच्या कट्ट्यावर बसलीच. चाळिशीच्या आम्ही तीन बायका, पोरीबाळींच्या आया. पण त्या दिवशी कुणी आम्हाला पाहिलं असतं तर वर्गाबाहेर उभं केलं असतं.

गरम पाक चकत्यांवर ओतला. तीन बरण्या भरल्या, तिघींना एकेक. माझी बरणी मी स्वयंपाकघरातल्या फळीवर ठेवली. शेजारणीची आठ दिवसांत संपली. खर्डीवालीची सहा दिवसांत. दोघींच्या घरी चाटूनपुसून साफ. माझी टिकवायची होती, म्हणून मी स्वतः एक चकतीसुद्धा खाल्ली नाही. रोज नुसती बघायची. बुरशी नाही, फेस नाही, वास छान. दिवाळी गेली, भात झोडून झालं, बरणी जशीच्या तशी.

जशीच्या तशी म्हणजे, बुरशी नव्हती. पण चकत्या कमी होत होत्या. आधी वाटलं, पाकात बसल्या असतील खाली. मग वाटलं, नवरा. तो सकाळी कल्याणला कामाला जातो, रात्री येतो, त्याला धरून विचारलं. "मला गोड लोणचं बघवतपन नाय," तो म्हणाला, आणि ते खरं होतं. मार्गशीर्षात बरणी अर्धी झाली. मी खर्डीला फोन लावला, "अगो, ही काकडी विरघळते का?" ती पलीकडे इतकी हसली की फोन कट झाला.

जत्रेला आठ दिवस होते. मी वालाच्या शेंगा तोडायला शेतावर निघाले आणि टोपली विसरले म्हणून अर्ध्या वाटेतून परत आले. चप्पल अंगणात काढली. आत मोरीत पाणी वाजत होतं. सासूबाई हात धुत होत्या, साबण लावून, नखं घासून, दोनदा. मग तशाच उठल्या, फळीजवळ गेल्या, बरणीचं झाकण काढलं आणि दोन बोटं आत घातली.

"आई!"

त्या दचकल्या, पण चकती सोडली नाही. "टिकलंय का बघत हुते."

"रोज?"

"रोज बघाया लागतं. तुजा काय भरवसा?"

मी भांडायला तोंड उघडलं आणि तेवढ्यात माझं लक्ष खाली गेलं. त्यांच्या कोपरावरून पाणी टपकत होतं. फळीवर थेंब, बरणीच्या काठावर थेंब.

"हात पुसत नाय तुमी?"

"आताच धुतला ना! चांगला स्वच्छ हात, पुसायचा कशाला?"

मी हळूच विचारलं, "आई, माज्या पहिल्या कैरीच्या लोणच्यालापन रोज बघायच्या?"

"बघायची तर. नवीन सून. मीठ कमी पडलं असंल, तेल कमी पडलं असंल. रोज दुपारी हात धुवून बघायची."

"आनि तुमच्या स्वतःच्या लोणच्याला?"

"माज्या कशाला बघू? डावाने कालवून फडकं बांधलं की बास. माजं चांगलंच हुतं, मला ठावं..."

आणि त्या थांबल्या. बोटांकडे बघितलं. बोटांवर पाक होता, मोहरीचा एक दाणा चिकटलेला होता, आणि मनगटावरून पाणी ओघळत होतं. व्हिनेगर आणि साखरेच्या जिवावर काकडीने चार महिने तो हात सोसला होता. बिचारी कैरी कशी सोसणार?

एकोणीस वर्षं मी जे जे बोलायचं ठरवलं होतं ते सगळं ओठांवर आलं. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात, ती मला झाली होती. पण त्या तशाच उभ्या, हात अधांतरी, पुसावा की धुवावा ते कळेना. मला रडू फुटलं, आणि त्यातच हसू फुटलं, आणि दोन्ही एकदम थांबेनात. सासूबाई पाटावर बसल्या.

"मग ती बुरशी माजीच म्हनायची," त्या म्हणाल्या. आणि हातातली चकती त्यांनी खाल्ली. टाकणार थोडीच.

म्हशाच्या जत्रेत घोंगड्यांच्या दुकानासमोर मी मैत्रिणींना हे सांगितलं. खर्डीवाली एका घोंगडीत तोंड खुपसून हसली, दुकानदाराला वाटलं तिला ती पसंत पडली. शेजारणीला मी बजावलं की गावात बोलू नकोस. संध्याकाळच्या आत गावाला कळलं होतं. सासूबाईंनी नाकारलं नाही. ओटीवर कुणी विचारलं तर म्हणायच्या, "हात बरा हाय तिचा," आणि लगेच दुसरा विषय काढायच्या.

वैशाखात कैऱ्या आल्या. मी फोडल्या, मी मोहरी कुटली, आणि मसाला कालवायची वेळ झाली तेव्हा मला कुणी कुठे पाठवलं नाही. परातीत दोन्ही हात घालून मी कालवत होते, तिखटाने हातांची आग होत होती, आणि मला इतका आनंद होत होता की मी मोठ्याने गात होते. बरणी भरली. सासूबाई दारात येऊन उभ्या राहिल्या. त्यांना चाखायचं होतं. त्या मोरीवर गेल्या, हात धुतले, मग दांडीवरचा पंचा ओढून बराच वेळ पुसले. परत येऊन, शाळेत नखं दाखवतात तसे दोन्ही हात माझ्यापुढे धरले.

मी नीट बघितलं. उलटे केले, सुलटे केले.

"उजवा अजून वला हाय," मी म्हटलं, आणि माझ्या पदराने पुसून दिला.