चंदाबाईंची गाडी कापशीला थांबली

पातूरच्या चंदाबाई शेहेचाळिसाव्या वर्षी गाडी चालवायला शिकल्या, त्या नाइलाजानं. त्यांच्या मळ्यातला झेंडू आणि शेवंती नवरा देवानंद स्वतःच्या छोट्या टेम्पोतून अकोल्याच्या फुलबाजारात न्यायचा. साखरेच्या आजारानं त्याची नजर अधू झाली आणि डॉक्टरांनी गाडी बंद करायला सांगितलं. भाड्याचा ड्रायव्हर ठेवला, तर तो सकाळी तोंडाला आदल्या दिवसाच्या दारूचा वास घेऊन यायचा. तिसऱ्यांदा त्याला दारातूनच परत पाठवल्यावर चंदाबाई म्हणाल्या, आता मीच शिकतो. देवानंद हसला नाही. त्यानं खुंटीवरची किल्ली काढून त्यांच्या हातात दिली.

शिकवायला एसटीतून निवृत्त झालेले नत्थुजी आले. क्लच-गिअर पंधरा दिवसांत जमलं, पण नत्थुजींचा भर दुसरीकडेच होता. पहिल्याच दिवशी त्यांनी चंदाबाईंचा फोन सीटमागच्या पिशवीत टाकायला लावला. स्पीकरवर बोललं तर चालेल का, असं बाईंनी विचारून पाहिलं. हात मोकळा राहिला तरी ध्यान बोलणाऱ्याकडेच जाते, असं त्यांचं उत्तर.

"अन् दारू पेलेलाच नशेत असते, असं समजू नका," ते म्हणाले. "सर्दीची गोळीबी माणसाले झोपवते. डोकं जाग्यावर नसन तर गाडी उभी करायची. त्यात लाज नाही."

शिकाऊ परवान्याच्या परीक्षेत चंदाबाई पहिल्या खेपेत पास झाल्या. पक्क्या परवान्याच्या वेळी मात्र रिव्हर्स घेताना खांब पाडला, म्हणून परत जावं लागलं.

परवाना मिळून दोन महिने झाले आणि दसरा आला. आदल्या दिवशी गाडी झेंडूनं काठोकाठ भरली. बाईंचं नाक चार दिवसांपासून गळत होतं. मेडिकलमधून आणलेली गोळी त्यांनी पहाटे चहाबरोबर घेतली आणि तांबडं फुटताना दोघं निघाले. देवानंद शेजारी बसला होता.

वाटेतल्या कापशी गावाच्या अलीकडे त्यांना एक जांभई आली, मग दुसरी. समोरच्या ट्रकचा मागचा दिवा एकदम जवळ दिसला. त्यांनी ब्रेक दाबला. मधली दोन वळणं कधी गेली, ते आठवेना.

"मले झोप येऊन राहिली," त्या म्हणाल्या. "गाडी बाजूले लावतो."

"आज?" देवानंद म्हणाला. "बाजार सुटून जाईन ना, चंदा."

"जाऊ द्या."

रस्त्याकडेच्या चहाच्या टपरीमागे त्यांनी गाडी उभी केली. पिशवीतला फोन वाजू लागला. फुलबाजारातला आडत्या रामराव होता, त्याला माल आत्ता हवा होता. देवानंदनं फोन उचलून सांगितलं, बाई झोपली आहे, उठली की येऊ. रामराव बरंच बोलला. देवानंदनं सगळं ऐकून घेतलं आणि उन्हात येऊ लागलेल्या फुलांवर ओलं पोतं टाकायला खाली उतरला.

चंदाबाई दीड तास झोपल्या. उठल्यावर तोंड धुतलं, चहा घेतला, थोडं चालून पाहिलं. डोकं हलकं झाल्याची खात्री पटली तेव्हाच किल्ली फिरवली. अकोल्यात पोचेपर्यंत मोठी गिऱ्हाइकं निघून गेली होती. रामराव तोंड फिरवून बसला. उतरलेल्या भावात माल गेला, पण एक फूल परत आलं नाही.

घरी येताना पातूर जवळ आल्यावर देवानंद म्हणाला, "मी असतो तर दामटली असती गाडी." चंदाबाईंनी रस्त्यावरची नजर काढली नाही, पण त्यांना फार बरं वाटलं.

त्यानंतर त्या निघण्याआधीच रामरावला फोन करून सांगू लागल्या, की आता निघतो, वाटेत फोन उचलणार नाही. पहिले काही दिवस तो तरीही करत राहिला. मग थांबला.

यंदा शेजारची प्रणाली त्यांच्याकडे गाडी शिकायला येते. पहिल्या सकाळी ती एका कानात गाणी लावलेला इअरफोन घालून आली. चंदाबाई तिच्या शेजारी बसल्या आणि हात पुढे केला. प्रणालीनं तो काढून त्यांच्या तळहातावर ठेवली. मग चंदाबाईंनी सांगितलं, "आता आरशात पाह, मांगून कोणी येते का."