पत्रातला हत्ती

मुलांनो, फटाक्यांपेक्षा फटाक्यांच्या पत्रावर जास्त जीव असलेला माणूस अख्ख्या इंग्लंडात एकच होता, आणि तो ब्रॅकनेलला आमच्या मागच्याच रस्त्यावर राहायचा. तुमच्या आजोबांचे हे मित्र, मी त्यांना भावोजी म्हणायची, निवृत्त इंजिनिअर. दिवाळीच्या पंधरा दिवस आधीच ते शेजाऱ्यांच्या दारांतून चिठ्ठ्या सरकवत: येत्या अमुक शनिवारी सहा ते सात आवाज होईल, सांभाळून घ्यावे. डावीकडच्या बाईंच्या मांजराला वेगळी चिठ्ठी असे, मांजराच्या नावाने. त्या दिवशी कुंपणापासूनचं अंतर टेपने मोजायचं, पाण्याच्या तीन बादल्या भरायच्या, डोळ्यांना पोहण्याचा चष्मा, हातात बायकोचे ओव्हनचे मोजे. एवढ्या बंदोबस्तात उडायचं काय, तर सहा भुईनळे आणि चार बाण. त्यातला एक हमखास मांजराच्याच बागेत पडायचा.

पण पहिली काडी ओढण्याआधी पत्र. एकोणिसाव्या शतकात त्यांच्या पणजोबांना थोरल्या भावाने एका लहानशा संस्थानातून लिहिलेलं, मोडीतलं. प्लास्टिकच्या पिशवीतून ते काढून भावोजी घरामागच्या फरसबंद पॅटिओवर खणखणीत वाचत: राजवाड्यापुढे चंद्रज्योती लागल्या, बाण सुटले, आणि दारूकामाला भिऊन हत्ती उधळला तो थेट हलवायाच्या दुकानात शिरला. आम्ही रिमझिम पावसात चिवड्याच्या बश्या छातीशी धरून ऐकायचो. बायको त्यांच्यावर छत्री धरून पुटपुटायची, "अहो, आटपा, करंज्या मऊ पडल्या." हलवायाचं नुकसान दरवर्षी वाढत गेलं. एका वर्षी हत्ती दोन झाले, तेव्हा इथेच जन्मलेली एक चिमुरडी म्हणाली, "काका, लास्ट इयर एकच हत्ती होती!" भावोजी मुळीच गडबडले नाहीत. "मागच्या वेळी चष्म्यावर पाणी होतं, बाळ. दुसरा दिसलाच नाही."

त्यांच्या पंचाहत्तरीच्या वर्षी मात्र मुलीने घोटाळा केला. "बाबा, आमच्या ऑफिसात पुण्याहून एक जण आलाय, त्याने मोडीचा कोर्स केलाय. लेटर तो वाचेल, मी इंग्लिशमध्ये प्रिंट करून दिवाळीला सगळ्यांना वाटते!" दुसऱ्या दिवशी सकाळी भावोजी पिशवी घेऊन आमच्या स्वयंपाकघरात हजर. चहा नको म्हणाले, तेव्हाच मला धसका बसला.

"वहिनी, मला मोडी येत नाही."

"मग इतकी वर्षं वाचत काय होतात?"

"वडिलांनी लहानपणी वाचून दाखवलं होतं, ते आठवून. तुम्हाला येते ना? बाकी काही असू दे, हत्ती आहे का तेवढं बघा. एक तरी!"

माझ्या वडिलांनी मला हट्टाने मोडी शिकवली होती. मी भिंग घेऊन बसले. पत्र जेमतेम दहा ओळींचं. दारूकाम झालं त्या संध्याकाळी लिहिणारा कोठीच्या पहाऱ्यावर होता. भिंतीआडून आवाज ऐकू आले, दिसलं काहीच नाही. 'तरी गावी तुम्ही दिवाळीस काय पाहिलेत, ते सविस्तर लिहून कळवावे.' क्षणभर वाटलं, एक हत्ती घालावा. पण तो त्यांच्या वडिलांनी आधीच घातला होता. मी होतं तसं वाचलं.

भावोजींनी पत्र अलगद घडी करून पिशवीत सरकवलं. "म्हणजे हत्ती बाबांनी माझ्यासाठी आणला," ते म्हणाले. "पण वहिनी, पणजोबांनी उत्तर धाडलं असेल का हो?"

"ते कसं कळणार?"

त्या दिवाळीला त्यांनी स्वतःच सगळ्यांना खरं सांगितलं आणि पुण्याच्या मुलाला पत्र वाचायला दिलं. लहान मुलं हत्तीसाठी रडवेली झाली, मोठी माणसं मात्र पावसात जागची हलली नाहीत. फटाके संपल्यावर भावोजी भिजलेल्या कोटानेच माझ्यासमोर येऊन बसले. "घ्या लिहून, त्या पत्राचं उत्तर. मोडीतच." मी लिहिलं: 'पाऊस होता. एक भुईनळा फुसका निघाला, बाकीचे छपराएवढे उंच गेले. शेजारच्या बाई कुंपणापाशी येऊन टाळ्या वाजवीत होत्या. कोणी घरात गेले नाही.' असं पानभर झालं, काही म्हणजे काही वाढवलेलं नव्हतं.

"खाली नाव काय घालू?" मी विचारलं.

त्यांनी भिजलेला कोट काढून खुर्चीच्या पाठीवर टाकला. मग म्हणाले, "आपला धाकटा भाऊ, एवढंच घाला."

मी तसंच घातलं.