उलटपावली मिस्त्री

आमच्या ठसेवाल्या मिस्त्रींची निघतानाची पाठ वाशीमकडच्या मालेगावात कधी कुणी पाहिली नव्हती. बहात्तरचा दुष्काळ नुकताच सरला होता, वाशीम अजून अकोला जिल्ह्यातच होतं आणि सिमेंट परमिटवर मिळायचं, तेव्हाची ही गोष्ट. मुख्य रस्त्यावर माझं खिळे-बिजागऱ्या, रंग आणि सिमेंटचं दुकान होतं, म्हणून मिस्त्रींशी रोजचा संबंध. नवं दुकान, नवं हॉटेल, नवा लॉज उभा राहिला की आत सिमेंटचा कोबा टाकायचा, थापीनं घोटून तो गुळगुळीत करायचा आणि ओला असतानाच त्यावर लाकडी ठसे दाबून वेलबुट्टी उठवायची, हा त्यांचा धंदा. हे काम आतल्या भिंतीपासून सुरू होतं आणि मागं मागं सरत दारात संपतं. उलटं केलं तर माणूस आतच अडकेल. उभं आयुष्य असं मागं सरण्यात गेल्यामुळे मिस्त्रींना कुठूनही बाहेर पडायची दुसरी रीतच माहीत नव्हती. लग्नाच्या मांडवातून, दवाखान्यातून, न्हाव्याच्या दुकानातून ते तोंड आत ठेवून, पाऊल चाचपत, उलटपावली निघायचे. परमिटसाठी तहसिलीत गेले की तिथल्या साहेबाला वाटायचं, काय हा आदर! त्यांचं परमिट सगळ्यांआधी निघायचं. एस.टी.तून मात्र ते पाठीकडून उतरायचे आणि चढणाऱ्या गर्दीवर जाऊन आदळायचे. कंडक्टर ओरडायचा, "अबे बुढ्या, उतरून राह्यला का चढून राह्यला?" मिस्त्री शांतपणे म्हणायचे, "माह्यं काम झालं, मी निंघालो."

त्यांचे ठसे सागवानाचे, स्वतः कोरलेले. ते सिमेंटला चिकटू नयेत म्हणून त्यांना जवसाचं तेल चोपडावं लागे. त्यामुळे मिस्त्री येण्याआधी त्यांचा वास यायचा. लहान ठसे हातानं दाबता येत, पण कोब्याच्या मधोमध जे मोठं फूल असे, त्याच्या ठशावर माणसानं उभं राहावं लागे, आणि मिस्त्रींचं वजन म्हणजे वाळलेल्या पऱ्हाटीच्या, कपाशीच्या काड्यांच्या, भाऱ्याइतकं. मग ते बाजारात वजनदार माणूस शोधत फिरायचे. एकदा नव्या हॉटेलात त्यांनी शेजारच्या हलवायालाच गाठलं. फळ्यांवरून त्याला आत नेलं, ठशावर उभं केलं आणि बजावलं, "सेठ, आता हालाचं नाही. दम बी हळू घ्या." सेठ बिचारा देवळातल्या मूर्तीसारखा उभा राहिला. बाहेर बघ्यांची ही गर्दी. कुणीतरी म्हणालं, "सेठ, उदबत्ती लावू का?" त्या उदबत्तीच्या नुसत्या कल्पनेनं की काय, सेठला शिंक आली. त्या हॉटेलातल्या फुलाला कायमची दुहेरी पाकळी उठली. मिस्त्री महिनाभर हळहळले. गिऱ्हाइकं मात्र ते शिंकेचं फूल बघायला लांबून यायची आणि चहा पिऊन जायची.

ओल्या कोब्याची राखण तर अशी करायचे, की पोटच्या पोरीची कुणी करणार नाही. उंबऱ्यावर आडवे झोपायचे. कोंबडी, कुत्रं, मालक, सगळ्यांना एकच काठी. कापडवाल्यानं एकदा घाईनं अक्षय तृतीयेचा मुहूर्त धरला आणि आदल्या दिवशी कोबा झाला. सकाळी सहकुटुंब पूजेला येतो तर मिस्त्री दारात आडवे. कापडवाला म्हणाला, "मिस्त्री, मुहूर्त टळून राह्यला ना!" मिस्त्री म्हणाले, "तो पुढच्या साली बी येईन जी. कोबा येकदाच सुकते." शेवटी देवाची तसबीर बांबूच्या टोकाला बांधून आतल्या खिळ्यावर अडकवली, पूजा रस्त्यावर झाली आणि पाहुण्यांनी दारातून आत वाकून बघत बघत प्रसाद खाल्ला.

सदा खाली बघून काम, त्यामुळे मिस्त्रींना माणसांची तोंडं ठाऊकच नव्हती. ते माणूस पायावरून ओळखायचे. मी नव्या चपला घेतल्या तेव्हा दोन दिवस त्यांनी मला ओळख दिली नाही. पायांविषयी त्यांचा एक सिद्धांत होता, आणि तो ते मालेगावभर सांगत फिरायचे. माणूस खोटं बोलला की त्याच्या पायाचा अंगठा आत वळतो. "तोंडावर काही नाही दिसत भाऊ. बूट घातला का गेलं काम. पण बिनचपलेचा माणूस सापडते." लॉजच्या ठेकेदारानं एकदा छाती ठोकून सांगितलं, की काल कोब्याला पाणी मारलं होतं. मिस्त्रींनी त्याच्या पायाकडं बघितलं आणि म्हणाले, "नाही मारलं." ठेकेदार तिथंच गार. हा सिद्धांत माझ्या ताईनं उचलला आणि घरात गुळाचा डबा उघडा सापडला की ती माझ्या दोन्ही पोरांना भिंतीशी उभं करून त्यांचे अंगठे तपासू लागली. चोर हमखास सापडायचा.

पण मिस्त्रींबरोबर कधी संध्याकाळी बसलं, की मला उगाच चुकल्यासारखं व्हायचं. गावातलं प्रत्येक नवं दुकान त्यांनी रिकामं असतानाच पाहिलं होतं. कपाटं लागायची, दिवे लागायचे, बायामाणसं त्यांच्या वेलबुट्टीवरून हसत-बोलत चालायची, तोवर मिस्त्री दुसऱ्या कुठल्या ओस इमारतीत उंबऱ्यावर आडवे झालेले असायचे. केलेल्या कोब्यावर ते पुन्हा पाय ठेवत नसत. रस्त्यावरून जाताना दारातून डोकावायचे आणि पुढं व्हायचे. एकदा मी विचारलं, "मिस्त्री, रिकाम्या घरात रात्र रात्र करमतं कसं?" ते म्हणाले, "रिकाम्या घरात आवाज घुमते ना भाऊ. 'जेवला का?' म्हणून मीच इचारतो. दोघं जन असल्यावानी वाटते." आणि स्वतःच्याच विनोदावर ते इतके हसले, की मलाही हसावं लागलं.

आता ताईविषयी सांगतो. आजवर मी हे कुणाजवळ बोललो नाही. ताई माझ्याहून मोठी. तरुणपणीच नवरा वारला, मूलबाळ नाही, म्हणून ती माहेरी आली आणि माझ्याच घरात राहिली. माझ्या बायकोला दमा. चूल, पोरं, पाणी, आजारपण, सगळं ताईच्या अंगावर. दुकानासमोर कुणाकडं मिस्त्रींचं काम चालू असलं की दुपारचा चहाही तीच नेऊन द्यायची. त्या दोघांचं संभाषण मी इतक्या वेळा ऐकलंय, की मला ते पाठ आहे. मिस्त्री ताईच्या पायांकडं बघून म्हणायचे, "बाई, तिथंच थांबा." ताई म्हणायची, "थांबली. पण तुमचा कोबा सुकन तवर चहा थंडा होते ना!" मग ती फळीवरून कप पुढं सरकवायची, मिस्त्री तो दोन्ही हातांनी उचलायचे, आणि ती परत फिरेपर्यंत चहाला तोंड लावायचे नाहीत. एवढंच. वर्षानुवर्षं एवढंच.

एका संध्याकाळी मी मिस्त्रींचा डबा घेऊन लॉजवर गेलो. मोठ्या खोलीचा कोबा त्याच दिवशी झाला होता. दारातून बघतो तर मिस्त्री पलीकडच्या कोपऱ्यात, भिंतीला पाठ लावून उकिडवे बसलेले आणि मध्ये सगळा ओला कोबा. वेलबुट्टी थेट त्यांच्या पायापर्यंत गेलेली.

"मिस्त्री, हे काय?"

"काय सांगू भाऊ. दारापासून सुरू केलं."

"काहून?"

"डोकं ठिकान्यावर नव्हतं."

मी पोट धरून हसलो. उलटपावली मिस्त्री आपल्याच कामानं कोपऱ्यात कोंडले गेले, याच्याइतकी मोठी बातमी मालेगावात दुसरी नव्हती. मी बांबूच्या टोकाला डबा अडकवून पुढं केला. तो त्यांनी घेतला, पण उघडला नाही.

"भाऊ, येक गोष्ट इचारू? मधात वला कोबा हाये म्हून इचारून राह्यलो. तुमी माराले बी येऊ शकत नाही."

"विचारा."

त्यांनी डबा बाजूला ठेवला. मग जमिनीकडं बघत म्हणाले, "तुमच्या ताईच्या बोटाले जोडव्याचा वण हाये. अजून मिटला नाही." आणि थोडं थांबून, "त्या बोटात जोडवं बरं दिसन."

मला कळलं होतं, तरी मी म्हणालो, "म्हणजे?"

"म्हंजे... आपल्यात पाट लागते ना जी. मले मांगंपुढं कोणी नाही. इंझोरीले घर हाये. त्याची जमीन अजून मातीचीच हाये, कोनासाठी करू म्हून कोबा केला नाही. त्यायले इचारा. नाही म्हणल्या तर नाही. पन इचारा." मग जरा हसून, "मी कुठी जातो? सकाळपावतर इथंच हावो."

"विचारून सांगतो," म्हणालो आणि वळलो. त्यांना माझ्यामागं येता येत नव्हतं.

सांगायला हवं, की अडचण कसलीच नव्हती. जात एक, सोयरीक बसत होती, आमच्यात विधवेचा पाट लागतो, कुणी नावं ठेवली नसती. अडचण माझी होती. रस्ताभर माझ्या डोळ्यांपुढं ताई नव्हती. धापा टाकणारी बायको होती, विझलेली चूल होती आणि शाळेला निघायची दोन पोरं होती. घरी आलो तर ताई भाकरी टाकत होती. मिस्त्री कोपऱ्यात अडकल्याचं मी सांगितलं, तशी ती पीठभरला हात तोंडाशी नेऊन इतकी हसली, की नाकाला पीठ लागलं. "मंग आता? बसले तिथंच? बाप्पा!" इतकं हसताना मी तिला कितीतरी वर्षांत पाहिलं नव्हतं. त्याच क्षणी विचारायला हवं होतं. मी तोंड उघडलं आणि आणखी एक भाकरी मागितली.

सकाळी लॉजवर गेलो. उंबऱ्याशी चपला काढल्या. कोब्याचा तेवढा मान सगळे ठेवायचे. मिस्त्री त्याच कोपऱ्यात, पण आता उभे. रात्रभर भिंतीला टेकल्यामुळे टोपीला चुना लागलेला.

"ताई नाही म्हणते," मी म्हणालो.

त्यांनी वर बघितलं नाही. त्या एवढ्या लांबून ते माझ्या अनवाणी पायांकडं बघत राहिले. मला खाली बघवेना आणि पाय मागंही घेववेनात. मग ते म्हणाले, "बरं जी."

दोन-चार दिवसांनी ते माझी वाळूची चाळणी परत द्यायला दुकानात आले. "निंघतो भाऊ," म्हणाले, आणि वळून, सगळी माणसं चालतात तसे, सरळ चालत गेले. मिस्त्रींची पाठ मी पाहिली ती तेव्हा. सदऱ्याला पाठीवर मोठं ठिगळ होतं, वेडंवाकडं, भलत्याच रंगाच्या दोऱ्यानं शिवलेलं. ते वाकडं गेलंय, हे सांगायला घरात कुणी नसलेल्या माणसाचं ते ठिगळ होतं. पुढं ते मालेगावात कामाला आले नाहीत. कुणी म्हणे कामरगावकडं दिसले, कुणी म्हणे इंझोरीलाच असतात. मी चौकशी केली नाही. काही दिवस ताई विचारायची, "मिस्त्री नाही दिसले बापा इतक्यात?" मग तीही विचारेनाशी झाली.

आता बाजारातले बहुतेक कोबे फुटले, त्यांच्या जागी चकचकीत फरश्या आल्या. लॉजमधला तेवढा अजून आहे. त्याच्या एका कोपऱ्यात दोन पावलांपुरती जागा बिनठशाची आहे. लॉजवाल्यानं तिथं पाण्याचा माठ ठेवलाय. कधी तिथं गेलो की तहान नसतानाही मी पाणी पितो.

बायको गेली, पोरं नोकरीला अकोल्या-पुण्याकडं गेली. घरात ताई आणि मी. यंदा एका दुपारी ती सुपात तुरीची डाळ निवडत बसली होती, आणि मी तिला सगळं सांगून टाकलं. कोपरा सांगितला, जोडवं सांगितलं, ती जास्तीची भाकरी सांगितली. ताईचा हात निवडता निवडता थांबला नाही. तशीच निवडत ती म्हणाली, "मी काय म्हणलं असतं ते आता मले बी नाही सांगता येत रे. पन मले इचाराचं होतं."

तिनं सूप एकदा हलवून घेतलं. मग ती सुपातच बघत म्हणाली, "त्यायनं माह्यं नाव घेतलं होतं का? का नुसतं 'तुमची ताई' म्हणले?"

तिच्या नावानं तिला हाक मारणारं आता कुणी उरलेलं नाही. मी म्हणालो, "नाव घेतलं. नावानंच म्हणाले."

आणि मला माझे उघडे पाय आठवले. आता ती खाली बघणार म्हणून मी तसाच बसून राहिलो, पाय लपवले नाहीत. पण ताईनं खाली बघितलं नाही. तिनं सूप जरा उजेडाकडं कलतं केलं, एक खडा उचलून बाजूला टाकला आणि आपल्याशीच म्हणावं तसं हळूच म्हणाली, "बरं."