न शिवलेला कावळा

शहागडला गोदाकाठी मी आईचा दहावा घातला, तेव्हा शेजारी वडिलांचा पिंड मांडून एक मुंडण केलेला तरुण उभा होता. नाव विचारलं नाही; बाकीचं त्याच्या नातेवाइकांच्या बोलण्यातून कळलं. एका छोट्या विमान कंपनीत तो नुकताच सहवैमानिक झाला होता; वडिलांना ती नोकरी नको होती. पिंडाला कावळा शिवेना.

"इमान उडवायचं सोडतो म्हण, मंग बराबर शिवंल," त्याचे चुलते म्हणाले.

"आईला सांभाळीन, आबा," तो वडिलांच्या पिंडाकडे बघत पुटपुटला. कावळे हलले नाहीत.

"पुढचं बोल की!"

"मेलेल्या माणसाशी खोटं कसं बोलू, काका?"

शेवटी त्यानं दर्भाचा कावळा करून पिंडाला लावला.

माझ्या आईच्या पिंडाला कावळा लगेच शिवला होता. तिला हवं ते सगळं मी कबूल केलं होतं. त्यातलं एकही आजवर पाळलेलं नाही.