मामांच्या प्रश्नाचं उत्तर

धूर बघून माणूस ओळखणारा अख्ख्या कोल्हापुरात एकच, आमच्या मंगळवार पेठेतल्या समोरच्या घरातले बॉयलरवाले मामा! साखर कारखान्यात तीस वर्षं बॉयलरवर काढलेली, त्यामुळं देवळात गेले तरी देवाआधी उदबत्ती बघणार. नृसिंहवाडीला आम्ही दर्शनाच्या रांगेत आणि मामा गायब. सापडले कुठं, तर भज्याच्या गाड्यावर, स्टोव्हला पिन मारून देत. माझ्या भावाच्या लग्नात तर आचाऱ्यालाच उठवलं. म्हणे, पांढरा धूर म्हंजे लाकूड वलं, काळा म्हंजे तुझी घाई. पाहुणे ताटावर आणि मामा चुलीपुढं!

तर दोन हजार सहा साली त्यांच्याच कारखान्यात उसाच्या चोथ्यावर वीज करायचा नवा बॉयलर आला, आणि माझी पहिली नोकरी त्याचेच कागद करणाऱ्या ऑफिसात. योजना अशी, की इथं कोळसा वाचला म्हणून जेवढा धूर झाला नाही त्याचं सर्टिफिकेट मिळणार, ते परदेशातली एक वीज कंपनी विकत घेणार आणि आपलाच धूर तेवढा कमी झाला असं दाखवणार. मंजुरीसाठी कामगारांची, गावकऱ्यांची सभा घेऊन त्यांचे प्रश्न लिहून पाठवायचे असतात. त्या सभेत मी खाडखाड टाइप करत होते. आमच्या ऑफिसच्या साहेबांनी काही शंका आहे का विचारलं. सगळ्यांचं लक्ष चहाकडं. मामा उठले.

"आमचा धूर कमी झाला, बरं झालं. पर आमचा कागद घिऊन त्यास्नी त्यांची चिमणी तशीच चालू ठिवायची मुभा हाय का? तेवढं इचारून सांगा की."

साहेब नुसते हसले. ऑफिसात येऊन म्हणाले, हा प्रश्न नको, मंजुरी अडकेल. मी तो काढला. एक मिनिटसुद्धा लागलं नाही. त्या जागी लिहिलं, उपस्थितांनी समाधान व्यक्त केलं. इंग्रजीत. आणि कामगारांच्या वतीनं सही हवी म्हणून तो कागद घेऊन मामांच्या घरी मीच गेले.

गॅसच्या पावतीवरसुद्धा वाचल्याशिवाय सही न करणारा माणूस. चष्मा लावला, इंग्रजी बघून परत काढला.

"माझं इचारल्यालं लिवलंस न्हवं?"

"व्हय मामा."

"मग झालं," म्हणाले आणि सही ठोकली.

त्या दिवसापासून पेठेत सांगत सुटले, आपला प्रश्न परदेशात गेलाय. पोस्टमनला दारात अडवायचे. मी दिसले की भुवया उडवायचे, आलं का उत्तर? मंजुरी आली, ऑफिसात पेढे वाटले, माझा पेढा पर्समध्येच बुरसला. मी मागच्या गल्लीनं जायला लागले.

परवा त्याच गल्लीत समोरून मामा. आता रिटायर झालेत, जरा वाकलेत. माझा पडलेला चेहरा बघून त्यांनीच माझी समजूत काढली.

"वाईट वाटून घिऊ नगंस पोरी. तू तुझं काम केलंस. लांबची मानसं हायती, इचार करून उत्तर देत्याली."

मी परत म्हटलं, व्हय मामा.