रत्नामावशी आणि सात मजले

बातमी मला मावशींच्या मुलाकडून नाही, सुनीताकडून कळली. “दीदी, आंटीजी चली गईं,” ती फोनवर म्हणाली. सकाळचा चहा झाला होता, पेपर मांडीवर होता, खुर्चीतच गेल्या. वय अठ्ठ्याऐंशी. सुनीता पंचवीसेक वर्षं त्यांच्याकडे कामाला होती आणि आदल्याच दिवशी भेंडी कशी चिरायची यावरून दोघींचं कडाक्याचं भांडण झालं होतं. “जीता कौन?” मी विचारलं. “वही, और कौन!” म्हणत सुनीता रडता रडता हसली. महिना होत आला आता. पण मावशींची आठवण काढायला बसलं की माझंही तेच होतं, आधी हसूच येतं.

रत्नमाला साळवे मूळच्या नगरच्या, ख्रिस्ती घरातल्या. नवरा लवकर गेला. केंद्र सरकारची नोकरी करत, दिल्लीतल्या लक्ष्मीबाई नगरच्या क्वार्टरमध्ये त्यांनी एकटीने मुलाला, प्रकाशला, वाढवलं आणि निवृत्तीनंतर नोएडातल्या एका नव्याकोऱ्या सोसायटीत सातव्या मजल्यावर फ्लॅट घेतला. सॉफ्टवेअर कंपनीतल्या नोकरीसाठी मी पुण्याहून त्यांच्या शेजारी राहायला आले, तेव्हा नव्वदचं दशक सरत आलं होतं. समोर शेतं होती आणि शेतांत टॉवर उगवत होते. पार्किंगमधल्या निम्म्या गाड्यांच्या सीटवरचं प्लास्टिकसुद्धा अजून निघालं नव्हतं. पहिल्याच रविवारी मी बाल्कनीत कबुतरांवर ओरडत होते, “शी! हला मेल्यांनो इथून!” तर पलीकडून आवाज आला, “अगं, इथल्या कबुतरांना मराठी कळत नाही. हिंदीत हाकल!” ही आमची ओळख.

त्याच हिवाळ्यात लिफ्टशेजारी एक नोटीस लागली. घरकाम करणाऱ्या बायका, ड्रायव्हर, धोबी यांनी यापुढे लिफ्ट वापरायची नाही, जिन्याने जायचं. सेक्रेटरी खन्नासाहेब वाईट माणूस नव्हते. नवी सोसायटी ‘ढंग की’ दिसावी एवढीच त्यांची हौस. पण सुनीताची पाच घरं होती आणि ती वेगवेगळ्या मजल्यांवर. मावशी तडक मीटिंगला गेल्या, मलाही ओढून नेलं. ऑफिसात फाईलवर शेरे मारत आयुष्य गेलेली बाई, बोलल्या झकास. मग मतदान झालं. घरी येऊन खुर्चीत बसल्या आणि खो खो हसायला लागल्या. “नोटीस नको म्हणणारे हात किती? तीन. एक माझा, एक तुझा, आणि तिसऱ्याने पंखा बंद करायला सांगायला वर केला होता!”

दुसऱ्या दिवशी सकाळी त्या खाली गेटपाशी उभ्या. सुनीता आली, तशी तिच्याबरोबर जिना चढायला लागल्या. त्या वेळी साठी उलटली होती, गुडघे कुरकुरत होते. मी म्हटलं, “मावशी, काय हे?” तर म्हणाल्या, “लिफ्ट सगळ्यांची नसेल, तर माझीही नाही. इतकं साधं आहे ते.” दर दोन मजल्यांना दम लागायचा, म्हणून त्यांनी चौथ्या मजल्यावर वेताचे दोन मूढे नेऊन ठेवले, बसायला. मग पाण्याचा माठ आला. मग जानेवारीत कोणी शेंगदाणे आणले, कोणी तीळगुळाची गजक, कोणी विणकाम. जिन्याच्या खिडकीतून ऊन छान यायचं. महिन्याभरात तिथे कामवाल्या बायका, दोन-तीन घरमालकिणी, शाळेतून आलेली मुलं असा दरबारच भरायला लागला. कुणाच्या घरी काय चाललंय ते लिफ्टने जाणाऱ्यांना कळेनासं झालं, ही त्यांची खरी पंचाईत!

मात्र सगळं हसण्यावारी नव्हतं. पाचव्या मजल्यावरच्या एका बाईंनी सुनीताला कामावरून काढलं. म्हणे, नेतागिरी करते. त्या दिवशी मी मावशींना पहिल्यांदा रडताना पाहिलं. “मेघना, चढते मी आणि पडते ती... हौस माझी आणि घर तिचं गेलं.” प्रकाशही फोनवर चिडला होता, “आई, ही काय तुझी युनियन आहे का?” सकाळी त्यांनी सुनीतालाच विचारलं, थांबू का? सुनीता म्हणाली, “आंटीजी, चढना तो मुझे वैसे भी है. आप साथ होती हो तो बात करते-करते पहुँच जाती हूँ.” आणि पायरीवर पाय ठेवून वळली, “चलो, देर हो रही है.” त्याच आठवड्यात मावशींनी दारोदार हिंडून तिला दुसरं घर मिळवून दिलं.

शेवटी लढाई जिंकली ती खन्नासाहेबांच्या आईने, बीजींनी. बीजी ऐंशीच्या, सहाव्या मजल्यावर दिवसभर एकट्या. हसण्याचा आवाज ऐकून त्या लिफ्टने चौथ्यावर उतरायला लागल्या आणि मूढ्यावर हक्काने बसायला लागल्या. एक दिवस खन्नासाहेब लवकर घरी आले, आईला न्यायला लिफ्ट चौथ्यावर थांबवली. बीजी सुनीताचा हात धरून उठल्या, लिफ्टपर्यंत आल्या, आणि हात सोडीनात. “ये भी आएगी. मैं अकेली नहीं जाती.” खन्नासाहेब दार धरून उभे. लिफ्टमधली रेकॉर्ड केलेली बाई बोलायला लागली, “कृपया दरवाज़ा बंद करें.” बीजी म्हणाल्या, “तू चुप कर!” जिन्यावर जो हशा पिकला, त्यात खन्नासाहेबांनाही हसू फुटलं. “आ जाओ जी, सब आ जाओ!” दुसऱ्या दिवशी भिंतीवर नोटीस नव्हती. ती कोणी काढली, हे शेवटपर्यंत कोणी कबूल केलं नाही. मावशींनी बुंदीचे लाडू केले आणि पहिला डबा खन्नासाहेबांकडे धाडला. मी कुरकुरले, तर म्हणाल्या, “त्यांना उद्याही इथेच राहायचंय ना गं? आणि मलाही.”

त्यानंतर या बायकांची मतदार ओळखपत्रं झाली, मुलांचे शाळेतले प्रवेश झाले, एका बाईचा पगार बुडवणाऱ्या घरासमोर स्वेटर विणत ठिय्या झाला... सगळं सांगत बसले तर पुरवणी पुरायची नाही.

मागच्या आठवड्यात प्रकाश पुण्याहून आला. फ्लॅट भाड्याने द्यायचा, म्हणून रंगारी बोलावला. स्वयंपाकघराच्या दारामागे, फोनशेजारच्या भिंतीवर, पेन्सिलीने लिहिलेली नावंच नावं निघाली. बायकांची, त्यांच्या मुलांची, आडनावासकट, मावशींच्या गोल मराठी अक्षरात. ‘पिंकी मंडल – बारावी पास!!’ ही सुनीताची मुलगी. ‘रेहाना – चष्मा लागला, सांगणे.’ ‘मुन्नी – गणितात कच्ची, रविवारी येणे.’ प्रकाश आणि मी वाचतच राहिलो. रंगाऱ्याने ब्रश बुडवून विचारलं, “इस पर भी मार दूँ?” आम्ही काही बोलायच्या आत सुनीता मध्ये आली, “अभी नहीं. पहले सब अपना-अपना देख लें.”

तेव्हापासून रोज दुपारी बायका येतात. बोटाने आपलं नाव शोधतात, सापडलं की ओरडतात, मुलींना फोनवर फोटो पाठवतात. काल प्रकाशचा मला ऑफिसात फोन आला. म्हणाला, “मेघना, येताना चहापत्ती आण. आज अकरा जणी आल्यात, आणि रंगारीपण त्यांच्यातच बसलाय.”